आमच्या शाळेत जात नव्हती म्हणे!

दरवर्षी निकाल लागतात, कॉलेजांचे फॉर्म सुटतात आणि एक वाक्य पुन्हा फिरायला लागतं : ‘शाळेत आम्हाला एकमेकांची जातही माहीत नव्हती. ती पहिल्यांदा कळली फॉर्म भरताना.’ खाली हात जोडलेले इमोजी, तिरंगा आणि ‘अगदी खरं’ अशा कॉमेंटची रांग. तुम्हीही हे वाक्य वाचलं असणार. कोणी सांगावं, स्टेटसला ठेवलंही असेल.

मला या वाक्याशी भांडायचं आहे. ते खोटं असतं असं मी म्हणत नाही. बहुतेक जण ते मनापासून लिहितात. पण ज्या वर्गात जात ‘माहीत नव्हती’, त्या वर्गात कोण बसलं होतं आणि कोण नव्हतं, हे त्या वाक्यात कुठेच येत नाही. सगळी मेख तिथे आहे.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यातली एक जुनी गंमत आहे. टेस्ट लिहिल्याच नाहीत, तर एकही टेस्ट फेल होत नाही. नवीन लागलेला पोरगा खुशीत येऊन सांगतो, ‘सर, एकही बग नाही.’ त्याला विचारावं लागतं, ‘बाबा रे, पण तू तपासलंस काय?’ ‘आमच्या शाळेत जात नव्हती’ म्हणणाऱ्यांनाही मला हेच विचारावंसं वाटतं.

फोटोतली ४२ मुलं

मी सुदुंबऱ्याचा. मावळ तालुक्याच्या पूर्वेला, चाकणच्या शेजारचं गाव. संताजी जगनाडे महाराजांची समाधी आमच्या गावात आहे. संताजी जातीने तेली, तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक आणि तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे. वाण्याचा धंदा करणाऱ्या कुणब्याचे शब्द आणि तेल्याच्या हातची अक्षरं, अशी ती गाथा. आमच्याकडे कीर्तनात हे अभिमानाने सांगतात, आणि सांगायलाच हवं. आता गावात एनडीआरएफची बटालियन आहे, इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरच्या रांगा आहेत. भाड्याच्या खोल्यांमध्ये बिहार, ओडिशा, झारखंड, लातूर, परभणी असा अर्धा देश राहतो.

माझी प्राथमिक शाळा मात्र गावात नव्हती. गावापासून काही किलोमीटरवरच्या एका खाजगी इंग्रजी शाळेत मी व्हॅनने जायचो. चौथीचा, म्हणजे २००६-०७ सालचा वर्गाचा फोटो माझ्याकडे आहे. ४२ मुलं. मध्यंतरी मी एकेक चेहरा आठवून पाहिला. निम्म्याहून जास्त जमीनवाल्या मराठा घरातले. मग ब्राह्मण, माळी, तेली, दोन-तीन मारवाडी दुकानदारांची मुलं, कंपनीतल्या साहेबांची दोन दाक्षिणात्य मुलं. मुसलमान एक. कातकरी शून्य, ठाकर शून्य, वडार-कैकाडी शून्य. बौद्धही शून्य, असं मला कालपरवापर्यंत वाटत होतं. त्याबद्दल पुढे सांगतो.

आता हा फोटो कुठला आहे ते बघा. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ इथल्या डोंगरकडेला महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी यांच्या वाड्या आहेत. आमच्या गावाहून बाइकवर अर्ध्या-पाऊण तासात देहूरोड येतं. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तिथे स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. तळेगावात त्यांचा बंगला आहे. अशा तालुक्यातल्या शाळेत ४२ मुलांचा एक वर्ग भरतो आणि त्यात या सगळ्यांपैकी जवळपास कोणीच नसतं. हा योगायोग नाही. यासाठी कोणी दारावर पाटी लावली नव्हती, कोणाला हाकलून दिलं नव्हतं. फी होती, व्हॅनचं भाडं होतं आणि प्रवेशाच्या वेळी आई-वडिलांशी इंग्रजीत होणारी ‘छोटीशी भेट’ होती. चाळणीला एवढी तीन भोकं पुरतात.

अशी चाळण लावून झाल्यावर आत कोणी कोणाची जात विचारत नाही. विचारायचं कारणच उरत नाही. लोकलच्या फर्स्ट क्लासमध्ये कोणी कोणाला ‘गरीब आहेस का’ असं विचारतं का?

‘तुम्हाला माहीत नव्हती’

दोन वर्षांपूर्वी आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. पंधरा-वीस दिवस जुन्या आठवणी निघाल्या, मग कोणीतरी ते वाक्य टाकलंच. धडाधड अंगठे उमटले. तेवढ्यात एकाने लिहिलं : ‘तुम्हाला माहीत नव्हती. मला पहिलीपासून माहीत होती.’ ग्रुप थोडा वेळ शांत राहिला. मग कोणीतरी क्रिकेटचा व्हिडिओ टाकला आणि विषय संपला.

मी त्याला फोन केला. पुढच्या रविवारी आम्ही भेटलो. त्याचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते, फी परवडत होती. आडनाव गावावरून पडलेलं, त्यामुळे कोणाच्या लक्षात यायचं नाही. वाढदिवसाला आम्ही सगळे एकमेकांना घरी बोलवायचो. त्याने कधीच बोलावलं नाही. तो वर्गात चॉकलेटं वाटायचा, आमच्यापेक्षा महागातली. कारण त्याने सांगितलं तेव्हा कळलं. घराच्या दर्शनी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. तो खाली उतरवायला आई तयार नव्हती, आणि मुलगा वर्गात एकटा पडावा हेही तिला नको होतं. मग तिने मधला मार्ग काढला : घरी कोणी यायचं नाही, चॉकलेटं मात्र चांगली न्यायची. १४ एप्रिलला तो ‘मामाकडे’ जायचा.

आमच्या वर्गात जात नव्हती, म्हणजे एवढंच की बेचाळिसांपैकी एकेचाळीस जणांना ती दिसत नव्हती आणि बेचाळिसावा, आठ-नऊ वर्षांचा पोरगा, ती रोज दप्तरातून लपवून आणत होता. आमचं सगळं निरागसपण त्याच्या एकट्याच्या सावधपणावर उभं होतं. ‘फॉर्म भरताना जात कळली’ असं तो कधीच लिहू शकणार नाही. आणि ज्याला फॉर्म भरताना कळली, त्याने निदान हे लक्षात घ्यावं की फॉर्मने जात आणली नाही. एवढी वर्षं ती न कळण्याची सोय होती, ती फॉर्मपाशी संपली.

आत येण्यासाठी झगडा, बाहेर पडण्यासाठी व्हॅन

शाळेत कोणी कोणाशेजारी बसायचं, हा महाराष्ट्रातला फार जुना आणि फार खरा झगडा आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे दाद मागितली. एका मुलासाठी बाकी सगळ्यांना दुखवायचं कशाला, अशी भूमिका सरकारने घेतली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाच्या मुलाचं नाव दाखल झालं. त्याला बसायला घरून गोणपाट न्यावं लागायचं, आणि शिपाई हजर नसेल तर पाणी मिळायचं नाही, कारण नळाला हात लावायची त्याला मुभा नव्हती. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिन म्हणून साजरा होतो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करण्याचा हुकूम काढला आणि सगळी मुलं एकाच शाळेत बसतील असं ठरवलं. वेगळी शाळा चांगली चालली तरी ती वेगळीच राहते, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

पुढे स्वातंत्र्य आलं, राज्यघटना आली, जिल्हा परिषदेच्या शाळा वाडीवस्तीवर पोचल्या. वर्गात सतरंजी एक झाली. सगळं गोड होतं असं नाही. पाणी कोणी भरायचं, झाडू कोणी मारायचा, हे कित्येक ठिकाणी ठरलेलंच असायचं. पण पाटलाचा मुलगा आणि वस्तीवरचा मुलगा एकाच गुरुजींच्या हातचा मार खात होते. मग ज्यांच्या हातात पैसा आला, ते एकेक करून तिथून उठले.

अमेरिकेत १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरवल्या. व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने काय केलं माहीत आहे? काळी मुलं शेजारी बसू नयेत म्हणून १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षं सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावलं आणि गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा काढली. आपल्याकडे कुलपाची गरजच पडली नाही. सकाळी दारात पिवळी व्हॅन यायला लागली.

इथे कोणी म्हणेल, आई-बाप जात बघून शाळा निवडत नाहीत, इंग्रजी बघून निवडतात. मान्य. माझ्या आई-वडिलांनीही इंग्रजीच बघितली. दलित घरांनाही इंग्रजी हवी असते, आणि का नसावी? मी कोणाच्या मनातल्या हेतूबद्दल बोलत नाही. आपण सगळे मिळून काय उभं करतोय, त्याबद्दल बोलतोय. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. म्हणजे दोन गुरुजी, पाच वर्ग. गावातली चाळीस मुलं व्हॅनमध्ये बसली की पट घटतो, पट घटला की शिक्षक घटतो, शिक्षक घटला की उरलेल्यांमधले ज्यांना जमेल ते व्हॅनचा नंबर शोधतात. शेवटी झेडपीच्या शाळेत कोण राहतं? भाडेकरू मजुरांची मुलं, वीटभट्टीवरची, वस्तीवरची, आणि ज्या घरात मुलाला इंग्रजी शाळा आणि मुलीला झेडपी अशी वाटणी झाली आहे, त्या घरातल्या मुली.

मग ही शाळाही एकजिनसी होते. आणि ती पुरेशी लहान झाली की सरकार म्हणतं, वीसपेक्षा कमी पट आहे, समूह शाळेत विलीन करू. २०२३ मध्ये हा विषय निघाला तेव्हा राज्यात अशा सुमारे पंधरा हजार शाळा असल्याचं समोर आलं. गावातल्या ज्या माणसांच्या शब्दाला वजन आहे, त्यांची मुलं त्या शाळेत नाहीत. मग ओरडणार कोण?

शेजारचं बाक

या सगळ्यावर कायद्यात एकच छोटं छिद्र ठेवलेलं आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार खाजगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, फीची प्रतिपूर्ती सरकारने करायची. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. २०१४ मध्ये अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना यातून पूर्ण सूट मिळाली. उरलेल्या शाळांत तरी चारात एक मूल चाळणीबाहेरचं असावं, इतकी साधी गोष्ट.

महाराष्ट्र सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेवर २५ टक्क्यांचं बंधन नाही. महाराष्ट्रात कुठल्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत झेडपीची किंवा पालिकेची शाळा नसते? पोर्टलवर जागा भरमसाट वाढलेल्या दिसू लागल्या, कारण जिथे आधीपासूनच फुकट प्रवेश मिळतो त्या शाळाच यादीत घातल्या होत्या. गरीब मूल गरिबाच्या शाळेत ‘आरटीईतून’ जाणार, अशी ती किमया! १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला, आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही शाळांचं अपील फेटाळलं. पालक आणि काही संघटना कोर्टात गेल्या म्हणून हे झालं. आमच्यासारख्या ‘जात माहीत नसलेल्या’ लोकांच्या टाइमलाइनवर त्या सहा महिन्यांत यावर मी एक पोस्ट पाहिली नाही.

या २५ टक्क्यांवर घेतले जाणारे आक्षेप ठरलेले आहेत. पहिला : ‘त्या मुलांनाच न्यूनगंड येतो.’ मुलाला न्यूनगंड देणाऱ्या शाळेला जाब विचारायचा की मुलाला बाहेर ठेवायचं? काही शाळा या मुलांची वेगळी तुकडी करतात, सहलीला नेत नाहीत. तो त्या शाळांचा गुन्हा आहे, मुलांचा दोष नाही. दुसरा : ‘सरकार पैसे देत नाही.’ हा आक्षेप खरा आहे. प्रतिपूर्तीचा दर मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये ठरवला आहे आणि तोही वर्षानुवर्षं थकतो. मग थकबाकीसाठी सरकारशी भांडा. सहा वर्षांच्या मुलाला वसुलीसाठी ओलीस का धरायचं?

तिसरा आक्षेप खाजगीत, हळू आवाजात घेतला जातो : ‘आमच्या मुलांचं नुकसान होतं.’ यावर गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने दिल्लीतल्या महागड्या शाळांमध्ये अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या श्रीमंत मुलांच्या वर्गात गरीब मुलं होती, ती मुलं जास्त उदार झाली, गरीब मुलांशी मैत्री करायला जास्त राजी झाली. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना, जास्त वेगाने धावणारं गरीब मूल डावलून आपल्यातलं मंद मूल घेण्याची सवयही त्यांच्यात कमी दिसली. अभ्यासातल्या गुणांवर एकूण परिणाम किरकोळ. आणि हा फरक ‘समता’ शिकवणाऱ्या धड्याने पडला नाही. शेजारी बसून, एकत्र अभ्यास करून पडला.

नाहीतरी धडे आपल्याकडे कमी आहेत का? पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर प्रतिज्ञा आहे, ‘सारे भारतीय माझे बांधव’ आपण रोज घोकलं आहे. संतांच्या गोष्टी आहेत. पण इरावती कर्वे वारीला गेल्या, तेव्हा त्यांना एकाच दिंडीत भजन सोबत आणि पंगती वेगळ्या दिसल्या, आणि त्यांनी तसं लिहून ठेवलं. तोंडाने म्हणायचं एक आणि मांडीला मांडी लावून बसायचं दुसरंच, हे आपल्याला छान जमतं.

न दिसलेल्या मुलांचं पुढे काय होतं

‘शाळेत काय, लहान असतात सगळे, पुढे जग दिसतंच की.’ कुठे दिसतं? त्या शाळेतून तशाच कॉलेजात, तिथून तशाच कंपनीत. वीस-बावीस वर्षांचा होईपर्यंत ज्याचा एकही जवळचा मित्र वस्तीवरचा नाही, तो पुढे रेफरल देतो, मुलाखती घेतो, ‘कल्चर फिट’ ठरवतो. फ्लॅट भाड्याने देताना आधी आडनाव विचारतो. कातकरी म्हणजे काय हे त्याला व्हिडिओतून कळतं. जातीबद्दलचं त्याचं सगळं ज्ञान एका ओळीचं असतं : माझे मार्क जास्त होते, सीट त्याला मिळाली. वर्गातली बाकी चाळण त्याने पाहिलेलीच नसते, म्हणून आरक्षण हीच त्याला पहिली आणि एकमेव चाळण वाटते.

हे लोक समुद्रापार गेले, तरी सोबत हेच घेऊन जातात. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातिभेदावर कायद्याने बंदी घातली, अमेरिकेतलं असं पहिलं शहर. तिथे आपल्यातल्या कित्येकांची पहिली प्रतिक्रिया काय होती? ‘इथे कुठे आहे जात? उगाच बदनामी.’ फॉर्म भरताना कळलेली गोष्ट विमानात बसताना पुन्हा विसरता येते.

आता करायचं काय? माझ्या वयाच्या वाचकांना सांगतो, कारण पुढच्या चार-पाच वर्षांत तुमच्यातले बरेच जण मुलांच्या प्रवेशासाठी शाळांच्या रांगेत उभे असतील. शाळा बघायला जाल तेव्हा फी, बस, बोर्ड, मैदान हे सगळं विचाराच. सोबत आणखी दोन प्रश्न विचारा : आरटीईची किती मुलं आहेत, आणि ती याच तुकडीत बसतात का? दहा पालकांनी हे विचारलं तर तुकड्या वेगळ्या करण्याआधी शाळेला विचार करावा लागेल. दुसरं, गावची झेडपी शाळा ही ‘ज्यांना जमत नाही त्यांची’ असं धरून चालू नका. आमच्या शेजारच्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची झेडपी शाळा बंद पडायला आली होती. शिक्षक आणि गावकऱ्यांनी ती उभी केली आणि २०२५ मध्ये तिला ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. चांगली सरकारी शाळा हे स्वप्न नाही, मोटरसायकलवर जाऊन बघता येईल अशी गोष्ट आहे.

तिसरं, मूल झेडपीत असेल किंवा घालणार असाल तर शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे काय ते समजून घ्या. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यात प्रमाणात जागा असते. पालकच गेले नाहीत तर मीटिंग होते, सह्या होतात, चहा होतो. स्वच्छतागृहाचा प्रश्न, शिक्षकांना जुंपलेल्या सर्वेक्षणाच्या कामांचा प्रश्न, वस्तीवरची मुलं शाळेत का येत नाहीत हा प्रश्न, हे सगळं तिथे मांडता येतं. मोबाइलवर पिटिशन सही करण्यापेक्षा त्या सतरंजीवर तासभर बसणं जास्त कामाचं आहे.

आणि ज्यांना हे काहीच करायचं नाही, त्यांनी निदान वाक्य पूर्ण लिहावं. ‘आमच्या शाळेत जात नव्हती, कारण बाकीच्यांना आम्ही शाळेतच घेतलं नव्हतं.’ एवढं स्टेटसला ठेवून बघा. मग किती अंगठे येतात ते मोजा.